सोळाचे अठ्ठेचाळीस

रिटायर होऊन सात महिने झाले आणि निरीक्षकांना घरात मोजायला काही उरलं नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. बादलीवर अठरा लिटर लिहिलंय आणि तिच्यात मावतं साडेसतरा, हे त्यांनी वहिनींना दोनदा सिद्ध करून दाखवलं होतं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. तिसऱ्यांदा बादली भरायला घेतल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा माळा आवरा. तिथे मोजण्यासारखं पुष्कळ आहे."

माळ्यावरून कॉम्प्युटर निघाला.

आजच्यासारखा नव्हे. शाळेच्या वहीएवढी एक काळी पेटी, तिच्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं, आणि बस्स. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा, आणि प्रोग्राम कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने आत सोडायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला. त्याच खोक्यात एक कॅसेट होती आणि तिच्यावर वहिनींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'बाजू एक, भाग पहिला. बाजू दोन, भाग दुसरा (चालत नाही).'

शिडी धरून उभ्या असलेल्या वहिनींनी ते वाचलं आणि शिडी सोडून दिली. निरीक्षक वर होते, पण ते सोडा.

"ते हिरवं दार," वहिनी म्हणाल्या.

त्या दाराची हकिकत एवढीच, की त्या काळी एका मासिकात दोन अंकांमध्ये मिळून एक खेळ छापून आला होता. छापून म्हणजे अक्षरशः छापून. त्याच्या ओळी वाचायच्या आणि स्वतः टाइप करायच्या. खेळात आपण एका मोठ्या रिकाम्या घरात फिरतो. मशीन सांगतं, इथे जिना आहे, तिथे कपाट आहे; आपण लिहायचं, 'कपाट उघड', 'वर जा'. सगळं इंग्रजीत, पण आपण आपलं मराठीतच बोलू. खोल्या सतरा. सतराव्या खोलीत एक बंद हिरवं दार. दारापलीकडचं सगळं दुसऱ्या अंकात होतं, आणि टाइप करणाऱ्याला रहस्य आधीच कळू नये म्हणून तो मजकूर नुसत्या आकड्यांमध्ये होता. पानंच्या पानं आकडे. निरीक्षक वाचत, वहिनी टाइप करत. वहिनी कोर्टात टायपिस्ट होत्या. त्यांच्या बोटांचं नाव होतं. अकरा रविवार गेले. शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेलं होतं, की या भागाला अठ्ठेचाळीस के मेमरी लागेल. घरच्या मशीनला होती सोळा के.

ती ओळ आधी का वाचली नाही, हा प्रश्न त्या घरात पुढे तेहतीस वर्षं अधूनमधून विचारला गेला.

"काय असेल हो त्या दारामागे?" वहिनींनी विचारलं.

"खजिना. दुसरं काय असणार?"

"मला नेहमी वाटायचं, पायऱ्या असतील. खाली जाणाऱ्या."

निरीक्षक चमकले. तेहतीस वर्षांत आपल्या बायकोला त्या दाराबद्दल काही नेहमी वाटत होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनाही नेहमी वाटत होतं, पण ते एक जबाबदार सरकारी अधिकारी असल्यामुळे बोलले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शोध लावला, की अशा जुन्या मशीनवर जीव टाकणारी माणसं जगभर पसरली आहेत आणि मेमरी घरच्या घरी वाढवता येते. पेटीच्या पोटात बारा रिकाम्या जागा कंपनीनेच ठेवलेल्या असतात. आठ मेमरीच्या चिपांसाठी, चार त्यांच्या मदतनीस चिपांसाठी. बारा चिपा आणायच्या, बारा जागी बसवायच्या, झालं. कथलाचा डाग द्यायला नको, वायरी जोडायला नकोत. वाचता वाचता त्यांना हेही कळलं, की कॉम्प्युटरवाल्यांचा एक के म्हणजे हजार नसून एक हजार चोवीस. निरीक्षक बराच वेळ खुर्चीत ताठ बसून राहिले. कमी मोजून देणाऱ्यावर त्यांनी आयुष्यभर खटले भरले होते. दर हजारामागे चोवीस जास्त देणाऱ्याचं काय करायचं, हे कायद्यात नव्हतं.

पेटी उघडायला पाच स्क्रू काढावे लागतात. ते त्यांनी काढले, बशीत मोजून ठेवले, आणि झाकण उचललं. कर्र असा आवाज आला. झाकणातल्या बटणांना आतल्या भागाशी जोडणारी एक पातळ प्लास्टिकची पट्टी असते. ती तेहतीस वर्षांत वाळून पापुद्र्यासारखी झाली होती. निरीक्षकांच्या हातात झाकण आलं, पट्टीचा अर्धा भाग आत राहिला.

"तुटलं का काही?" स्वयंपाकघरातून वहिनी.

"नाही. सुटं झालं."

तेव्हा बारा चिपा आणि नवीन पट्टी अशी मागणी परदेशातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे नोंदवली. तो गृहस्थ असले सुटे भाग विकतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः पत्र लिहितो. पार्सल निघालं. पाच आठवड्यांनी मोठ्या पोस्टातून चिठ्ठी आली: पार्सल तपासणीसाठी थांबवले आहे, समक्ष यावे.

इथून पुढचा भाग निरीक्षक स्वतः सांगत नाहीत. वहिनी सांगतात, आणि ते तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभे राहतात.

पार्सल खिडकीवरचा कारकून तसा भला माणूस होता. त्याने पुडकं फोडलेलंच होतं आणि म्हाताऱ्या गृहस्थाचं पत्र वाचलेलंही होतं.

"यात काय आहे?"

"मेमरी."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? कॉम्प्युटरची."

"हां, पण तिच्यात काय आहे? फोटो? कागदपत्रं?"

"काही नाही. रिकामी आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "साहेब, रिकामी वस्तू परदेशातून मागवली?"

"रिकामीच लागते. भरायची आपण."

"बरं. आणि या पत्रात लिहिलंय, की या चिपा अर्ध्या बिघडलेल्या आहेत."

हे खरं होतं. त्या काळी मोठ्या मेमरीच्या ज्या चिपा अर्ध्या खराब निघत, त्या फेकून न देता निम्म्या मेमरीच्या म्हणून विकत. जो अर्धा भाग जिवंत असेल तेवढा वापरायचा. निरीक्षकांनी ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांना धक्का बसला होता, पण कंपनी ते उघडपणे सांगत होती हे कळल्यावर त्यांनी तिला मनोमन माफ केलं होतं.

"अर्ध्या बिघडलेल्या आहेत," ते म्हणाले, "पण मला अर्ध्याच लागतात."

"म्हणजे माल सदोष."

"अर्धा सदोष."

"अर्धा असा रकाना नाही." कारकुनाने फॉर्म वळवून दाखवला. खरोखरच नव्हता. पण माणूस भला, म्हणून त्याने सदोष आणि निर्दोष यांच्या बरोबर मधोमध टिकमार्क केला. "आता फक्त वजन घेतो आणि सोडतो तुम्हाला." त्याने पुडकं काट्यावर ठेवलं.

बरं का, या क्षणी निरीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं असतं तरी चाललं असतं. छताकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, कुठेही. पण एकतीस वर्षांची सवय. त्यांची नजर काट्याच्या कडेला गेली, जिथे खात्याची पडताळणीची मोहोर असते.

"या काट्याची मुदत संपली आहे," ते म्हणाले.

"काय?"

"चौदा महिन्यांपूर्वी. या काट्यावर वजन करणं बेकायदेशीर आहे."

त्यांना वाटलं होतं, कारकून आभार मानेल. कारकुनाने पुडकं काट्यावरून अलगद उचललं, फडताळात ठेवलं आणि खिडकीवर 'काटा बंद' अशी पाटी लावली. मागे रांगेत नऊ माणसं होती. त्या नऊ जणांनी निरीक्षकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे कित्येक दिवस त्यांना भात कालवताना आठवत असे.

काट्याची पडताळणी करायला खात्याचा माणूस यायला हवा. खात्यात आता निरीक्षकांच्या जागी त्यांचाच जुना हाताखालचा माणूस होता. निरीक्षकांनी त्याला अकरा वर्षं शिकवलं होतं, आणि त्यातली मुख्य शिकवण अशी, की कोणाच्याही ओळखीवर रांग मोडायची नाही.

"सर, तुमचा नंबर सव्विसावा आहे," तो फोनवर अत्यंत आदराने म्हणाला.

"अरे, पण मी..."

"सर, तुम्हीच सांगायचात. मंत्र्याचा काटा असला तरी नंबरानेच."

"बरोबर आहे," निरीक्षक म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना अभिमान वाटावा की संताप यावा, हे त्यांचं ठरेना. दोन्ही थोडं थोडं आलं. पार्सल अडीच आठवड्यांनी सुटलं. मोहोर ताजी होती, वजन बिनचूक होतं, आणि कारकुनाने ते देताना हात जोडून विचारलं, "साहेब, पुन्हा काही मागवणार नाही ना?"

चिपा आल्या. झुरळासारख्या काळ्या, दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय. म्हाताऱ्या गृहस्थाने पत्रात बजावलं होतं: अंगातल्या विजेने या मरतात, तेव्हा हात लावण्याआधी प्रत्येक वेळी नळाला स्पर्श करावा. निरीक्षकांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच दुकान मांडलं. एक चिप, एक स्पर्श. तिसऱ्या चिपेला पाय वाकला.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. निरीक्षक चिप ओंजळीत घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला दिव्याखाली धरलं, भिंगातून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "दुखतं का?" मग आरशासारखी चमकणारी एक बारीक सळई घेऊन त्यांनी तो पाय सरळ केला आणि आपल्याच कामावर इतके खूश झाले की उरलेल्या चिपा बसवायला मदत म्हणून स्वतः वर आले.

"एकेक बाजूने दाबू नका. दाढ बसवतो तसं. मधोमध, सरळ, सारखा जोर. हं. बसली. चूळ भरा."

बाराही बसल्या. नवी पट्टी लागली. टीव्ही जोडला. वहिनी हात पुसत आल्या. निरीक्षकांनी बटण दाबलं आणि टीव्हीवर रंगीबेरंगी चौकटींची गोधडी दिसली. डॉक्टर म्हणाले, "छान आहे की." छान नव्हतं. ते मशीन अडकल्याचं लक्षण होतं.

दोन दिवस निरीक्षकांनी कारण शोधलं. व्होल्टेज मोजलं. सकाळ-संध्याकाळ मोजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी सल्ला दिला, की सगळ्या इमारतीचं अर्थिंग तपासावं, त्यासाठी सभा बोलवावी. शेवटी तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता वहिनी ओट्याशी थांबल्या.

"अहो, या सगळ्यांच्या एका टोकाला खाच आहे."

"असतेच. दिशा कळायला."

"मग या पाचवीची खाच उलटीकडे का?"

निरीक्षकांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. डॉक्टरांनी बसवलेली असेल असं म्हणावं, हा विचार त्यांच्या मनाला चाटून गेला, पण पाचवी त्यांची स्वतःची होती. त्यांनी नळाला हात लावला, चिप काढली, सुलटी करून बसवली. उलटी बसलेली चिप बहुधा जळते, असं पत्रात लिहिलेलं होतं. बटण दाबताना त्यांनी श्वास रोखला होता.

पडदा पांढरा झाला. स्वच्छ. निरीक्षकांनी मेमरी विचारणारी ओळ टाइप केली. मशीनने क्षणभर विचार केला आणि आकडा दिला. निरीक्षकांनी तो एक हजार चोवीसने भागला. अठ्ठेचाळीस. वरखाली काही नाही, नेमके अठ्ठेचाळीस. त्यांनी आयुष्यात शेकडो मापं तपासली होती, पण एखाद्या मापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आणावं असं आधी झालं नव्हतं. "कांदा चिरतेस का?" त्यांनी विचारलं. वहिनी भेंडी निवडत होत्या.

राहिली कॅसेट. टेपरेकॉर्डरच्या आतला रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालं होतं. वहिनींनी फायलींचा एक रबरबँड लावून दिला. टेप फिरू लागला आणि त्यातून तो जुना कर्कश आवाज निघाला. आधी एक लांब शिटी आणि मग तळणीत पाणी पडल्यासारखं चरचरणं. या चरचरण्यातच खेळ असतो. मशीनला काही तो कळेना. नऊ वेळा प्रयत्न झाला. नवव्या वेळी दारावरची बेल वाजली.

वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई उभ्या होत्या. निरीक्षकांनी माफी मागायला तोंड उघडलं.

"ती शिटी," बाई म्हणाल्या. "दोन तास ऐकतेय. ती स्थिर नाहीये हो. हेलकावे खातेय. माझ्या मुलींचे सूर हलायला लागले तिच्या नादाने."

"स्थिर असायला हवी?"

"कुठे असायला हवी ते सांगा, मी आणते तिला तिथे."

त्या हौशी मंडळींपैकी कोणीतरी मूळ शिटीचा नमुना इंटरनेटवर ठेवलेला होता. निरीक्षकांनी तो फोनवर लावला. बाईंनी डोळे मिटले, मग टेपरेकॉर्डरची शिटी ऐकली. "अर्ध्या सुराने उतरलाय तुमचा," त्या म्हणाल्या. निरीक्षकांना ते उगाचच लागलं. रबरबँड बदलला, एक सोडून दुसरा, दुसरा सोडून तिसरा, हेलकावे थांबले. मग टेपरेकॉर्डरच्या मोटारीच्या पाठीला असलेल्या इवल्याशा भोकात डॉक्टरांची सळई घालून निरीक्षक वेग वाढवू लागले आणि बाई हात हवेत धरून सांगू लागल्या, "चढवा... चढवा... किंचित... पुरे! हात काढा." दोन्ही शिट्या एकमेकींत मिसळून एक झाल्या. बाई तिथेच वेताच्या मोड्यावर बसल्या. खेळ आत जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. वहिनींकडून हकिकत ऐकल्यावर त्यांनाही आता दारामागचं बघायचं होतं.

पहिली बाजू चढली. दुसरी चढली. वहिनी पुढे बसल्या आणि न चुकता, न थांबता, जणू काल संध्याकाळीच उठून गेल्या होत्या अशा सतरा खोल्यांमधून चालत गेल्या. जिना, कपाट, किल्ली, तळघर. हिरवं दार.

'दार उघड,' वहिनींनी टाइप केलं.

पडद्यावर अक्षरं उमटू लागली. 'दार उघडते. आत एक लहान खोली आहे. टेबलाशी एक बाई बसली आहे. ती मान वर न करता म्हणते' आणि त्यापुढे नुसता चिखल. प्रश्नचिन्हं, टिंबं, उलटेसुलटे कंस.

"काय म्हणते?" गाण्याच्या बाईंनी विचारलं.

वहिनींनी खेळ थांबवला आणि आकड्यांच्या ओळी पडद्यावर आणल्या. त्या बोट ठेवून मोजत गेल्या. प्रत्येक ओळीत बारा आकडे. बारा, बारा, बारा. एका ओळीत अकरा.

"एक गळलाय," त्या म्हणाल्या.

"टाइप करताना होतं असं," निरीक्षक म्हणाले.

वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं कोर्टात. त्यांच्या टायपिंगमधली एक चूक कोणा वकिलाला सापडली नव्हती. निरीक्षकांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकतीस वर्षं दुसऱ्यांची कमी भरलेली मापं पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात बारा म्हणून अकरा दिले होते.

"मी वाचताना गाळला," ते म्हणाले.

"असेल," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

मासिक केव्हाच रद्दीत गेलं होतं. पण चिखल कुठे सुरू होतो ते दिसत होतं, म्हणजे जागा ठाऊक होती. आकडा शंभराच्या आतला. एकेक घालून बघायचा, एवढंच उरलं होतं. वहिनी बटणांवर बोटं ठेवून बसल्या. निरीक्षक त्यांच्या खांद्यामागे उभे राहिले आणि आकडे म्हणू लागले. एक. चिखल. दोन. चिखल. तीन. गाण्याच्या बाईंनी मध्ये चहा केला. वहिनी आता प्रत्येक आकडा परत म्हणवून घेत होत्या, आणि निरीक्षक निमूटपणे परत म्हणत होते.

"एकसष्ट."

"एकसष्ट?"

"एकसष्ट."

वहिनींनी बटण दाबलं. चिखल नाहीसा झाला. पडद्यावर लिहिलेलं होतं:

'ती मान वर न करता म्हणते, फार उशीर केलात. बसा.'

गाण्याच्या बाईंनी कप खाली ठेवला तो आवाज न होऊ देता.

"तिला सांग," निरीक्षक घसा साफ करून म्हणाले, "पार्सल अडकलं होतं."

वहिनींनी टाइप केलं. मशीन म्हणालं, 'मला तो शब्द माहीत नाही.'

"मग सांग, काटा मुदतबाह्य होता."

'मला तो शब्द माहीत नाही.'

"माफ करा म्हण."

'मला तो शब्द माहीत नाही.'

"अहो, ती आपल्याला कारणं विचारतच नाहीये," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी टाइप केलं, 'बस'.

'तुम्ही बसता,' मशीनने लिहिलं. 'बाई आता मान वर करते. ती तुम्हाला तीन प्रश्न विचारणार आहे. पहिला प्रश्न ऐकायला तयार आहात का?'

वहिनींनी पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली. निरीक्षक स्वयंपाकघरात गेले आणि दुसरी खुर्ची घेऊन आले.